गाडी लागते म्हणून लेक सहलीला नको म्हणतेय

चिमणपाखरू :
नमस्कार. धागा लेकीसाठी काढतेय, पण खरं सांगायचं तर थोडा माझ्यासाठीही. ती नऊ वर्षांची आहे. तीन आठवड्यांनी शाळेची सहल आहे. बसने चार तास, त्यातला शेवटचा तास सगळा वळणांचा. परवा शाळेतून आली आणि दप्तर ठेवता ठेवता म्हणाली, "मी नाही जाणार." का ते सांगेना. रात्री दिवा मालवल्यावर पांघरुणातून आवाज आला, "मागच्या वर्षी मला उलटी झाली ना, तेव्हा माझ्या शेजारी कुणीच बसलं नाही. येतानाही नाही."

मलाही लहानपणी भयंकर गाडी लागायची. घरचे म्हणायचे, मनावर घेऊ नकोस, लक्ष दुसरीकडे लाव. मी लावायचे, तरी व्हायचंच. मग वाटायचं, आपलंच मन कच्चं. ते वाक्य मला तिच्यापुढे उच्चारायचं नाहीये.

आतापर्यंत तीन गोष्टी करून झाल्या. उपाशीपोटी नेलं. विसर पडावा म्हणून गाडीत गोष्टीचं पुस्तक दिलं. मळमळायला लागल्यावर गोळी दिली. तिन्हींचा उपयोग शून्य. तीन आठवडे हातात आहेत. ज्यांना स्वतःला लागते किंवा ज्यांच्या मुलांना लागते त्यांनी कृपया सविस्तर लिहा. "मोठी झाली की होईल सवय" एवढंच सांगू नका, तिची सहल या महिन्यात आहे.

निळीशाई :
शेजारी कुणी बसलं नाही हे वाचून पोटात तुटलं. मला चाळिशीतही लागते. एक नक्की सांगते, उपाशी नेऊ नका. रिकाम्या पोटी मळमळ जास्त होते आणि उलटीत नुसतं पित्त पडतं, ते फार त्रासदायक. निघण्याच्या तास-दीड तास आधी थोडं, कोरडं, कमी तेलाचं काहीतरी खायला द्या. पोटभर नको. पाणी घोट घोट.

आणि ते पुस्तक बंद करा आधी!

कानकोपरा :
मी कान-नाक-घशाची डॉक्टर आहे, तोल जाण्याच्या तक्रारींचे रुग्ण रोज बघते. इथे कुणा एकाच्या मुलाचं निदान करणार नाही. पण हे का होतं ते नीट सांगते, कारण ते कळलं की बाकीचे उपाय आपोआप सुचतात.

ऐकू येण्याशी संबंध नसलेला एक भाग आपल्या आतल्या कानात असतो. तीन अर्धवर्तुळाकार नळ्या, त्यांत द्रव. डोकं फिरलं की द्रव मागे रेंगाळतो आणि 'वळलो' ही बातमी मेंदूला जाते. शेजारी दोन छोट्या पिशव्या, त्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक. वेग वाढला, कमी झाला, वर गेलो, खाली आलो हे ते स्फटिक सांगतात. आता मूल बसमध्ये पुस्तक वाचतंय. डोळे सांगतात, पान जागेवर आहे, आपण स्थिर आहोत. कान सांगतो, डावीकडे वळलो, ब्रेक लागला, उसळलो. दोन साक्षीदार दोन गोष्टी सांगतायत आणि मेंदूला आधीच्या अनुभवावरून यातलं काहीच अपेक्षित नव्हतं. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. जेम्स रीझन आणि जे. जे. ब्रँड यांनी 1975 साली ही मांडणी नीट केली. तपशिलावर वाद आहेत, पण आजही तीच सर्वाधिक मानली जाते.

ही विसंगती उलट बाजूनेही होते. पडद्यावर किंवा आभासी वास्तवाच्या चष्म्यात डोळ्यांना वेग दिसतो, कान मात्र खुर्चीत बसलेला असतो. म्हणून न हलताही मळमळतं.

आता चिमणपाखरू, तुमच्यासाठी महत्त्वाचं. ज्यांच्या दोन्ही कानांतला हा तोलाचा भाग पूर्ण निकामी झालेला असतो त्यांना गाडी लागत नाही. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी 1882 मध्येच काही बहिऱ्या माणसांच्या बाबतीत याची नोंद केली होती. म्हणजे लेकीला गाडी लागते ती तिचा कान काम करतो म्हणून. मन कच्चं असल्याचा इथे संबंधच नाही, तुमचंही नव्हतं.

वयाचं म्हणाल तर दोन वर्षांखालच्या बाळांना क्वचितच लागते, साधारण सहा ते बारा या वयात सर्वांत जास्त, पुढे बहुतेकांची कमी होते. आईवडिलांकडून येण्याचा कल मोठा आहे. स्त्रियांमध्ये, अर्धशिशी असणाऱ्यांमध्ये आणि गरोदरपणात प्रमाण अधिक.

शेवटचं: उलटी हा या गोष्टीचा शेवट आहे, सुरुवात नव्हे. आधी मूल गप्प होतं, मग जांभया, मग चेहरा उतरतो, तोंडात पाणी सुटतं, कपाळावर गार घाम येतो. काहींची तर फक्त जांभया आणि मलूलपणा एवढीच लक्षणं असतात. आपल्याला जे करायचं ते जांभईला करायचं. घाम फुटल्यावर हातात फारसं काही उरत नाही.

चिमणपाखरू :
डॉक्टर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. जांभया! ती गाडीत बसली की अर्ध्या तासात जांभया देते आणि आम्ही म्हणतो, चला, झोप आलीय, बरं झालं. आणि मी तिला आडवी करून मांडीवर घेते. तेवढ्या वेळात काय काय करता आलं असतं.

तिला आत्ताच सांगितलं की तुझा कान चांगला आहे म्हणून तुला लागते. थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मग ज्यांना नाही लागत त्यांचा कान वाईट आहे का?" याचं उत्तर काय देऊ?

कानकोपरा :
नाही, त्यांचाही चांगलाच आहे. काहींचा मेंदू विसंगती पटकन स्वीकारतो, काहींचा हटून बसतो. तिला सांगा, तुझा मेंदू खोटी साक्ष खपवून घेत नाही.

मांडीवर आडवं घेणं अगदीच चूक नाही, उताणं झोपल्यावर त्रास कमी होतो आणि डोळे मिटल्यावरही. पण चालत्या गाडीत मूल पट्ट्याशिवाय आडवं असणं धोक्याचं आहे, त्यामुळे ते नको. पट्टा लावून, डोकं मागे टेकवून, डोळे मिटून बसू द्या.

स्टीअरिंग :
मी बस चालवतो, बावीस वर्षं झाली. डॉक्टरांनी कान सांगितला, मी बसायची जागा सांगतो.

सगळ्यात वाईट जागा शेवटचा बाक. मागच्या चाकांच्या पलीकडे गाडीचं जे शेपूट असतं ते प्रत्येक खड्ड्याला वर उडतं आणि वळणावर बाहेर फेकलं जातं. मुलांना मात्र तीच जागा आवडते. सर्वांत चांगली जागा पुढची, दुसरी-तिसरी रांग, जिथून समोरची काच आणि रस्ता दिसतो. तोंड पुढेच पाहिजे. उलट्या दिशेच्या किंवा आडव्या सीटवर लागणाऱ्याने बसूच नये. बाजूच्या खिडकीतून जवळची झाडं, खांब बघू नयेत, ते सर्रकन मागे पळतात आणि डोळ्याला त्रास देतात. समोर लांबवर बघायचं.

मला स्वतःला लहानपणी लागायची. स्टीअरिंग हातात आलं त्या दिवसापासून एकदाही नाही. चालवणाऱ्याला सहसा लागत नाही, कारण वळण यायच्या आधी हात वळलेले असतात, अंगाला माहीत असतं आता काय होणार. हेच मुलाला देता येतं. समोर बघत तिला म्हणायला लावा, "आता डावं, आता उजवं, आता उतार." खेळ समजून करा. माझ्या मुलाला मी असंच नेलं, वळणांचा पूर्ण घाट तो मला रस्ता सांगत आला.

आणखी एक. चालकाला आधी भेटून सांगा. आम्हाला राग येत नाही. माहीत असलं की आम्ही ब्रेक हळू दाबतो, वळणातून निघताना एकदम पाय देत नाही. वळणं सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं थांबायला सांगा. खाली उतरून चाललं की बराच फरक पडतो. गाडीत वासाची बाटली टांगलेली असेल तर काढायला सांगा, मी माझ्या गाडीतली केव्हाच काढली.

पानगळ :
+१ वासाच्या बाटलीला. मला तर तो वास आला की गाडी सुरू होण्याआधीच होतं.

कारने जाणाऱ्यांसाठी थोडं: लहान मुलांना पुढच्या सीटवर बसवू नका, एअरबॅगचा धोका असतो. मागच्या सीटवर मधोमध, तिथे पूर्ण पट्टा असेल तर, म्हणजे दोन सीटच्या फटीतून समोरचा रस्ता दिसतो. मूल ठेंगणं असेल तर उंची वाढवणारी सीट (बूस्टर) लावलीच पाहिजे, आणि तिच्यामुळे नजरही काचेच्या वर जाते. समोर फक्त सीटची पाठ बघत बसणारं मूल आजारी पडणारच.

सावलीतला :
मला थोडं वेगळं बोलायचं आहे. "सवय होईल" म्हणून मला लहानपणी मुद्दाम न्यायचे. दर सुट्टीत सहा-सात तास. प्रत्येक वेळी दोन-तीनदा उलट्या. सवय झाली नाही, उलट भीती बसली. आज माझं वय पस्तीस आहे आणि बंद गाडीच्या सीटच्या कव्हरचा वास आला तरी तोंडाला पाणी सुटतं, गाडी जागची हललेली नसते तरी. लग्नं चुकवली, मित्रांच्या सहली चुकवल्या. कारण दुसरंच काहीतरी सांगायचो, कारण खरं सांगितलं की लोक हसतात. धागाकर्त्या ताईंनी मुलीचं ऐकून घेतलं हे वाचून फार बरं वाटलं. मला कुणी विचारलंच नव्हतं.

कानकोपरा :
सावलीतला, तुमच्याबाबतीत जे झालं ते शिकण्याच्याच नियमाने झालं. वास आणि उलटी इतक्या वेळा जोडीने आले की मेंदूने गाठ बांधली. हे नाटक नाही, आणि ती गाठ सुटू शकते.

सवय या गोष्टीबद्दल स्पष्ट लिहायला हवं. सवयीचा उपाय खरा आहे, उपलब्ध उपायांत तो सर्वांत टिकाऊ आहे. काही देशांची हवाई दलं त्रास होणाऱ्या वैमानिकांना फिरत्या खुर्चीवर याच पद्धतीने तयार करतात आणि त्यातले बहुतेक जण परत उडतात. पण तिथे मात्रा मोजलेली असते. थोडं फिरवायचं, मळमळ जेमतेम सुरू होताच थांबायचं, पूर्ण उतरू द्यायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. उलटीपर्यंत नेलं की सवय होण्याऐवजी भीती पक्की होते. सहा तासांच्या प्रवासात कोंडून सवय लागत नाही.

घरी करायचं तर रोज किंवा दिवसाआड छोटी फेरी. दहा मिनिटं, मुलाला बरं वाटत असतानाच संपवायची. ते जमलं की पंधरा, मग थोडी वळणं. थांबायचं कधी ते मुलाने ठरवायचं, आणि त्याने "थांब" म्हटलं की खरंच थांबायचं. वॉरिक विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 मध्ये आणखी एक वाट दाखवली. मनात आकृत्या फिरवून बघण्याची कोडी लोकांकडून दोन आठवडे करून घेतली, तर त्यांचा गाडीतला त्रास निम्म्याहून कमी झाला. अभ्यास छोटा होता, मोठ्या माणसांवर होता. पण कागद घडी घालून कसा दिसेल, ठोकळा फिरवला तर कुठली बाजू येईल, असली कोडी मुलांना आवडतात आणि करून नुकसान काहीच नाही. गाडीत नव्हे, घरी टेबलावर.

डेकवरचा :
मालवाहू जहाजावर नोकरी केली, म्हणून बोट लागण्याबद्दल.

पहिल्या खेपेला तीन दिवस मी बंकवरून उठलो नाही. चौथ्या दिवशी भूक लागली आणि मग काहीच झालं नाही. बहुतेकांचं दोन-तीन दिवसांत निवळतं. पण तीच सवय लहान होडीत कामाला येत नाही, तिथे लाटेचा ठेका वेगळा. संशोधकांनी मोजलंय की साधारण पाच सेकंदांत एकदा वरखाली असा संथ हेलकावा सर्वांत जास्त मळमळवतो. घोड्यावर किंवा पळताना आपण त्याहून कितीतरी जास्त हलतो, पण ते भरभर असतं म्हणून काही होत नाही. मोठ्या जहाजाचा डोल नेमका त्या वाईट टप्प्याच्या आसपास असतो.

जहाजावर खोली मागायची तर मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर, तिथे डोल कमी. मात्र मळमळ सुरू झाली की खोलीत कोंडून घेऊ नका. वर डेकवर या, क्षितिजाच्या रेषेकडे बघा, वारा तोंडावर घ्या. विमानात पंखांच्या जवळची जागा.

नेल्सन हा नौदलातला एवढा मोठा सेनानी, त्याला आयुष्यभर बोट लागत होती, त्याच्या पत्रांत ते आहे. चार्ल्स डार्विन 1831 ते 1836 अशी जवळजवळ पाच वर्षं बीगल जहाजावर होता आणि शेवटपर्यंत त्याला सवय झाली नाही. झुल्यावर आडवा व्हायचा, मनुके खायचा, उठला की पुन्हा काम. तरी काम झालंच ना.

किनाऱ्यावर उतरल्यावर एक-दोन दिवस जमीन डोलल्यासारखी वाटते, ते साहजिक आहे. महिना झाला तरी डोलतच असेल तर मात्र डॉक्टरांकडे जा. तोही एक ओळखलेला आजार आहे. त्या माणसांना गाडीत बसलं की उलट बरं वाटतं.

रेघोटी :
अंतराळात तर अर्ध्याहून जास्त जणांना होतं, पहिले दोन-तीन दिवस. पहिला नंबर सोव्हिएत अंतराळवीर गेर्मान तितोव्ह यांचा. ऑगस्ट 1961 मध्ये व्होस्तोक-2 मधून पृथ्वीभोवती सतरा फेऱ्या मारल्या, एक दिवसाहून जास्त वर होते, वय पंचवीस. वर मळमळ झाली, उलटी झाली, झोपून उठल्यावर बरं वाटलं. पुढे 1969 मध्ये अपोलो-9 वर अमेरिकी अंतराळवीर रस्टी श्वाइकार्ट यांना इतका त्रास झाला की त्यांचं यानाबाहेर पडणं छोटं करावं लागलं. तिथे वर-खाली असं काही नसतंच. कानातले स्फटिक तरंगतात आणि मेंदूला त्यांच्या बातमीचा अर्थ लागत नाही. चिमणपाखरू ताई, लेकीला सांगा. वेचून वेचून घेतलेले वैमानिक होते ते.

पानगळ :
गोळ्यांबद्दल कुणी लिहिणार का? ताईंनी मळमळ सुरू झाल्यावर दिली, मीही तेच करायचो.

कानकोपरा :
लिहिते. मळमळ सुरू झाली की जठराचं काम मंदावतं, गोळी तिथेच पडून राहते किंवा उलटीतून बाहेर येते. म्हणून गोळी निघण्याआधी, साधारण अर्धा ते एक तास. सिनारिझिनसारख्या काही गोळ्या त्याहून आधी घ्याव्या लागतात, पाकिटावरची वेळ बघा.

उपयोगी पडतात त्या जुन्या, झोप आणणाऱ्या अॅलर्जीच्या गोळ्या: डायमेनहायड्रिनेट, मेक्लिझिन, सायक्लिझिन, प्रोमेथाझिन. सेटिरिझिन किंवा फेक्सोफेनाडिनसारख्या नव्या गोळ्या सर्दीला छान, पण त्या मेंदूत फारशा शिरत नाहीत, त्यामुळे गाडी लागण्यावर चालत नाहीत. उलटीवरचं प्रसिद्ध औषध ऑन्डान्सेट्रॉन, तेही इथे भरवशाचं नाही. लोक हे दोन्ही घेऊन बसतात आणि म्हणतात, मला औषधच लागू पडत नाही.

कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टी मोठ्यांसाठी आहे. निघण्याच्या किमान चार तास आधी लावायची, तीन दिवस टिकते. तोंड कोरडं पडतं, डोळ्यांना अंधुक दिसू शकतं. लावल्यावर हात धुवा, तोच हात डोळ्याला लागला तर बाहुली मोठी होते. काचबिंदू किंवा लघवी अडण्याचा त्रास असेल तर नको. लहान मुलांना ही लावायची नाही.

मुलांसाठी औषध कोणतं आणि किती हे तुमच्या डॉक्टरांकडून वजनानुसार लिहून घ्या. प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या बाळाला कधीही नाही, श्वास मंदावू शकतो. आणि पहिला डोस सहलीच्या दिवशी देऊ नका. आधी एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरी देऊन बघा. काही मुलं गुंगण्याऐवजी उलट खवळतात, ते बसमध्ये कळायला नको. गरोदर असाल तर आधी विचारा. ही औषधं घेऊन गाडी चालवू नका, सोबत दारू अजिबात नको.

निळीशाई :
डायमेनहायड्रिनेटचा शोध कसा लागला ते कुठेतरी वाचलं होतं आणि विसरले नाही. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात एक गरोदर बाई अंगावर पित्त उठतं म्हणून औषध घेत होती. तिला ट्रॅममध्ये नेहमी मळमळायचं. या औषधावर असताना ते थांबलं आणि तिने डॉक्टरांना येऊन सांगितलं. लेस्ली गे आणि पॉल कार्लिनर या डॉक्टरांनी तिचं बोलणं बाजूला सारलं नाही. नोव्हेंबर 1948 मध्ये न्यूयॉर्कहून जर्मनीतल्या ब्रेमरहाफेनला सैनिक घेऊन जाणाऱ्या जहाजावर त्यांनी रीतसर प्रयोग केला. अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना साखरेच्या गोळ्या. फरक स्पष्ट दिसला. एका बाईने सांगितलं, आणि कुणीतरी ऐकलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

सावलीतला :
मनगटाच्या पट्ट्याबद्दल काय मत आहे? मी लावतो. मला बरं वाटतं.

स्टीअरिंग :
माझ्या गाडीत पट्टा लावून बसलेल्यांनाही झालेलं पाहिलंय. उगाच खर्च.

कानकोपरा :
दोघांचंही खरं आहे. मनगटाच्या आतल्या घडीपासून कोपराकडे तीन बोटं, दोन कंडरांच्या (दोरीसारख्या लागतात त्या) मध्ये दाबायची जागा, यावर झालेल्या चाचण्यांचे निकाल एकसारखे नाहीत. अपाय नाही, तर बरं वाटतंय त्याने लावावा, पण फक्त त्याच्या भरवशावर राहू नये. आल्याचंही थोडंफार तसंच. काही चाचण्यांत उपयोग दिसला, काहींत नाही. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर जास्त आलं घेण्याआधी विचारा.

ज्याला लोक हलकं समजतात आणि ज्याचा खरंच उपयोग होतो ते म्हणजे श्वास. सावकाश, सम, पोटापासून. प्रयोगात असं करणाऱ्यांनी फिरत्या खुर्चीवर जास्त वेळ तग धरला. आवडतं संगीत ऐकणाऱ्यांनीही. याला तयारी लागत नाही आणि मुलाच्या स्वतःच्या हातात काहीतरी राहतं, मला तो भाग मोलाचा वाटतो.

खडूफळा :
मी प्राथमिक शाळेत शिकवते. इतके दिवस नुसतं वाचत होते, "शेजारी कुणी बसलं नाही" हे मनातून जाईना म्हणून लिहितेय.

सहलीच्या आधी मी वर्गासमोर विचारायचे, "कुणाकुणाला गाडी लागते?" एकही हात वर यायचा नाही. आणि सहलीला चार मुलं आजारी. मग लक्षात आलं, चाळीस मुलांसमोर हे कोण सांगणार? आता आदल्या आठवड्यात प्रत्येकाला चिठ्ठी देते. आवडता खेळ, मैत्रिणीचं नाव, काही त्रास होतो का, असे चार-पाच प्रश्न, त्यात हाही एक. दरवेळी सात-आठ जणांचं उत्तर "हो" असतं. ती मुलं त्यांच्या मित्रांसकट पुढच्या रांगांत बसतात, कुणाला कारण कळत नाही. पिशव्या सगळ्यांच्याच सीटपुढे ठेवते. कुणाला उलटी झाली तर मी स्वतः शेजारी जाऊन बसते. मोठं माणूस सहज बसलं की मुलंही सहज घेतात.

ताई, शिक्षकांना भेटा. "काळजी घ्या" म्हणून सोडू नका, नेमकं मागा: तिसऱ्या रांगेच्या आतली जागा, शेजारी अमुक मैत्रीण, घाटाआधी थांबा. नेमकं मागितलं की आम्हालाही देता येतं.

पिशव्या दोन, एकात एक, आणि घरी एकदा उघडून बघायला द्या. ऐनवेळी गाठ सुटत नाही. ओले रुमाल, एक जादा सदरा. उलटीनंतर लगेच खायला नको, पाण्याचे छोटे घोट.

टपालपेटी :
मोठ्यांचा एक प्रश्न. मला पेट्रोलच्या गाडीत कधी लागली नाही, आता ऑफिसची विजेवरची गाडी येते आणि त्यात रोज डोकं चढतं. मनाचे खेळ म्हणायचे का?

स्टीअरिंग :
नाही. त्या गाडीत पाय उचलला की गाडी आपोआप धरल्यासारखी मंदावते. चालक सतत पाय उचल-टाक करत असेल तर मागचा माणूस सारखा पुढेमागे हलतो. इंजिनचा आवाज नसल्यामुळे वेग वाढणार की कमी होणार हे कानालाही कळत नाही. सेटिंगमध्ये ती पकड कमी करता येते, चालकाला सांगा. आणि तुम्ही नक्की मोबाईल बघत असणार.

टपालपेटी :
मोबाईल बघतो, हो. निरोपांना उत्तरं द्यावीच लागतात.

रेघोटी :
2024 पासून आयफोनमध्ये एक सोय आहे, पडद्याच्या कडांना ठिपके येतात आणि गाडी वळेल तसे सरकतात. म्हणजे डोळ्यालाही थोडी खरी बातमी मिळते. मला थोडा उपयोग झाला. पण वळणांवर मी फोन खालीच ठेवते.

पानगळ :
जरा अवांतर. आमच्या कुत्र्यालाही गाडी लागते, लाळ गाळतो आणि सारख्या जांभया देतो. धागा वाचून जांभयांचा अर्थ कळला. माणसांची गोळी त्याला देऊ नका असं पशुवैद्यांनी सांगितलं, कुत्र्यांसाठी वेगळं औषध मिळतं. आणि आम्हीही दहा मिनिटांच्या फेऱ्या सुरू केल्यात.

कानकोपरा :
एक राहिलं. गाडीशी संबंध नसताना घरी बसल्या बसल्या गरगरत असेल, ऐकू कमी येत असेल, एका बाजूची शक्ती गेल्यासारखी वाटत असेल, असह्य डोकं दुखत असेल किंवा प्रवास संपल्यावरही उलट्या थांबत नसतील, तर ते गाडी लागणं समजून घरी थांबू नका.

चिमणपाखरू :
धागा वर काढतेय. सहल काल झाली.

आधी तयारी सांगते. बारा दिवस रोज संध्याकाळी गाडीतून फेरी मारली. पहिल्या दिवशी सातव्या मिनिटाला ती "थांब" म्हणाली, मी थांबले. खाली उतरून आम्ही दोघी दहा मिनिटं चाललो. दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम तिसऱ्याच मिनिटाला "थांब" म्हटलं, मी खरंच थांबते का ते बघायला, हे तिने नंतर कबूल केलं. तेव्हाही थांबले. त्यानंतर ती मोकळी झाली. शेवटी पंचवीस मिनिटांपर्यंत पोचलो. "आता डावं, आता उजवं" तिला इतकं आवडलं की पायी जातानाही म्हणते.

डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, रविवारी घरी देऊन बघितली. थोडी सुस्तावली, बाकी काही नाही. शिक्षिकांना चिठ्ठी दिली नाही, भेटूनच बोलले, खडूफळा ताईंनी सांगितलं तसं नेमकं. दुसरी रांग मिळाली. सकाळी सव्वा तास आधी थोडं खाल्लं, पाऊण तास आधी गोळी.

जाताना काही झालं नाही. येताना झाली, वळणं संपता संपता. दिवसभर उन्हात खेळली होती आणि परतीची गोळी घ्यायचीच राहिली. ते मी लिहून द्यायला हवं होतं, पुढच्या वेळी देईन. पण तिने जांभया ओळखल्या, मैत्रिणीला सांगितलं, पिशवी हातात घेऊन ठेवली आणि डोळे मिटून श्वास मोजत बसली. कपड्यांवर थेंबही नाही.

मागच्या रांगेतल्या एका मुलालाही झाली. तो रडायला लागला. हिच्याकडे एक पिशवी उरली होती, ती घेऊन ती त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि त्याला तितोव्हची गोष्ट सांगितली. सतरा फेऱ्या, वय पंचवीस, सगळं. रात्री मला म्हणाली, "तो विचारत होता, अंतराळात उलटी झाली तर ती खाली पडते का? मला माहीत नव्हतं. तू त्या लोकांना विचारशील?"

रेघोटी, विचारतेय.